टी-शर्टवर छापायला प्रिंटर घेताय? या चुका टाळा

गेल्या गणपतीत भाच्याच्या पांढऱ्या टी-शर्टवर घरच्या प्रिंटरने बाप्पा छापला. शेंदरी रंग असा काही खुलला की मंडळातल्या चौघांनी लगेच आपापले टी-शर्ट आणून दिले. पहिल्याच धुण्यात बादलीतलं पाणी गुलाबी! मी आधी इस्त्रीला बोल लावला, मग ट्रान्सफर पेपरला, म्हणजे ज्यावर चित्र छापून इस्त्रीने कापडावर उतरवतात त्या कागदाला. चूक खरेदीत होती.

दुकानात आपण वायफाय, डीपीआय (छपाई किती बारीक), पानामागचा खर्च विचारतो. शाई डाय की पिगमेंट, हे विचारायचं राहून जातं. डाय पाण्यात विरघळते, म्हणून धुण्यात सुटते. पिगमेंटचे कण विरघळत नाहीत. फसगत होते ती अर्धवट उत्तरामुळे. कॅनन जी 2010 किंवा एचपी स्मार्ट टँक 515 मध्ये काळी शाई पिगमेंट, पण बाकीचे तीन रंग डाय. एप्सन एल 3250 च्या 003 क्रमांकाच्या शाईच्या बाटल्या तर चारही डाय. तेव्हा चौकशी चारही रंगांची करा. दुकानदार अडखळला तर साध्या कागदावर रंगीत पान काढायला सांगा आणि पाच मिनिटांनी त्यावर ओलं बोट फिरवा. बोट रंगलं की समजा.

काळी पिगमेंट, बाकी डाय असा प्रिंटर आधीच घरात असेल तर फक्त काळ्या अक्षरांची डिझाइन्स करा. त्यातही एक मेख आहे. सेटिंगमध्ये 'फोटो पेपर' निवडलं, की असे काही प्रिंटर काळ्या बाटलीला हातच लावत नाहीत. तीन डाय मिसळून काळा बनवतात. अक्षरं धुण्यात का फुटली, हे मग कळत नाही. 'प्लेन पेपर' ठेवा.

सब्लिमेशन शाई (उष्णतेने वायू होऊन धाग्यात शिरणारी) भरून घ्या, असा सल्लाही मिळेल. ती पॉलिएस्टरवर चालते, सुती कपड्यावर धुतल्यावर फिकी पडते. इंकजेटचा, म्हणजे अशा शाईच्या प्रिंटरचा, ट्रान्सफर पेपर लेझर प्रिंटरमध्ये तर चुकूनही घालू नका, आतल्या उष्णतेने तो वितळून रोलरला चिकटतो.

कागद मागून, वरून सरळ आत जाणारा प्रिंटर बरा. पुढच्या ट्रेमधून गोल वळून जाताना जाड ट्रान्सफर पेपर अडकतो, आणि पावसाळ्यात दमट होऊन कडा वळलेल्या असल्या की जास्तच. पाकीट उघडलं की उरलेले कागद झिपच्या पिशवीत, आडवे ठेवा.

आणि फिकट कापडाच्या पेपरवर छापताना चित्र आरशासारखं उलटं करा, गडद कापडाच्या पेपरवर सरळ. माझ्या एका टी-शर्टवर 'मोरया' अजून उलटाच आहे.