घरच्या घरी फुल सस्पेन्शन एमटीबी फ्रेम: या चुका टाळा

पुण्यात माउंटन बाइकची (एमटीबी) फ्रेम बनवायला साधनांची वानवा नाही. भोसरी-चिंचवडकडे लेझर कटिंग, लेथ, आर्गन वेल्डिंग सगळं एका चकरेत उरकतं, आणि हत्यारांसाठी बोहरी आळी आहेच. तरीही पहिली फ्रेम बिघडते, आणि दोष बिचाऱ्या वेल्डरवर जातो. खरी गडबड बहुधा ड्रॉइंगमध्ये असते. हार्डटेल (मागे शॉक नसलेली फ्रेम) एकदा काढली की झाली. फुल सस्पेन्शन (मागच्या चाकालाही शॉक असलेली) तीनदा काढावी लागते. शॉक पूर्ण उघडा, सॅगवर (स्वार बसल्यावर जेवढा दबतो तेवढा) आणि पूर्ण दाबलेला. एकाच स्थितीतलं ड्रॉइंग घेऊन नळ्या कापायला बसू नका.

शॉक नंतर घेऊ, असं म्हणणं

नळ्या कापून झाल्यावर शॉक शोधायला निघणं फार महागात पडतं. शॉकवर २१०×५५ असं छापलेलं असतं. पहिला आकडा म्हणजे पूर्ण उघडा असताना दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर, दुसरा स्ट्रोक, म्हणजे शॉक जास्तीत जास्त किती दबतो ते. तोच शॉक पूर्ण दाबला की अंतर १५५ मिमी होतं. सॅग ३० टक्के धरला तर साडेसोळा मिमी दबलेला, म्हणजे १९३.५. २१० हेच बसल्यानंतरचं अंतर समजून माउंट लावले, तर बीबी (बॉटम ब्रॅकेट, पेडलचा आस जिथे फिरतो तो भाग) ड्रॉइंगपेक्षा दोन-तीन सेंटिमीटर खाली येतो आणि पेडल प्रत्येक दगडाला आपटतं.

१४० मिमी ट्रॅव्हल (मागचं चाक जेवढं वर-खाली होतं ते अंतर) हवा असेल तर १४० भागिले ५५, म्हणजे सरासरी लिव्हरेज रेशो २.५५. हा ठीक आहे. स्वस्तात मिळाला म्हणून १९०×४५ घेतला तर रेशो ३.१ वर जातो. मग वजनदार माणसाला सॅग मिळवण्यासाठी शॉकवर छापलेल्या कमाल दाबापर्यंत हवा भरावी लागते, तरी शॉक तळाला आपटतोच.

रेशोचा उतार उलटा

सिंगल पिव्हटमध्ये (मागचा भाग, म्हणजे स्विंगआर्म, एकाच सांध्यावर फिरतो त्या रचनेत) सरासरी बरोबर येते आणि वागणूक चुकते, ती इथे. पिव्हटपासून शॉकच्या रेषेवर टाकलेला लंब मोजा. पिव्हट ते मागचा ॲक्सल ४३५ मिमी असेल तर सुरुवातीला हा लंब साधारण १५५ मिमी आणि शेवटी १८५ हवा. म्हणजे रेशो २.८ वरून २.३५ वर उतरतो, शेवटी शॉक कडक होतो. उघड्या स्थितीतच शॉक आणि स्विंगआर्म यांच्यात नेटका ९० अंशांचा कोन ठेवला तर दाबताना लंब कमीच होत जातो. सुरुवातीला कडक, शेवटी ढिला. असा शॉक हवा वाढवूनही सुधारत नाही. दाबताना कोन ९० कडे सरकला पाहिजे, ९० पासून दूर नाही.

पिव्हट डोळ्यांच्या अंदाजाने

३२ दात्यांच्या चेनरिंगची (पेडलजवळच्या दातेरी चाकाची) पिच त्रिज्या जवळपास ६५ मिमी. पिव्हट बीबीच्या बरोबर वर तेवढ्याच उंचीवर घेतला, तर २९ इंची चाक, मधला गिअर आणि सॅगवरची स्थिती धरून अँटी-स्क्वॉट (पेडल मारताना मागचा भाग खाली बसण्याला होणारा विरोध) शंभर टक्क्यांच्या जवळ येतो. पिव्हट बराच खाली घेतला की चढावर प्रत्येक पेडलला मागचा भाग खाली बसतो. खूप वर घेतला की शॉक दबताना चेन ताणली जाऊन पेडल पायाला मागे ढकलतं, मग आयडलर (चेनला वळवणारी मधली चक्री) लावावा लागतो. पहिल्या फ्रेमसाठी चेनरिंगच्या वरच्या रेषेपासून फार लांब जाऊ नका. ‘लिंकेज’ सॉफ्टवेअरमध्ये पिव्हट पाच-पाच मिमी हलवून आलेख कसा बदलतो ते बघा, मग ठरवा.

लाकडी नमुना वगळणं

तीन मिमी एमडीएफमधून स्विंगआर्म आणि माउंट एकास एक मापात लेझरने कापून घ्या. शॉकच्या जागी पट्टी, तिला २१०, १९३.५ आणि १५५ वर भोकं, जोडायला एम६ बोल्ट. टायरच्या मापाची पुठ्ठ्याची चकती लावून तिन्ही स्थितींत फिरवा. टायर आणि सीट ट्यूबमध्ये पूर्ण दाबलेल्या स्थितीत किमान १० मिमी ठेवा. पावसाळ्यात टेकडीवरचा चिकट चिखल टायरला चिकटून वर येतो, पाच मिमीची फट एका फेरीत बुजते. चेनरिंग आणि स्विंगआर्ममधली जागाही इथेच बघा. ड्रॉपर सीटपोस्ट (चालवताना सीट वर-खाली करता येणारा दांडा) किती आत जातो हेही आत्ताच तपासा, कारण सीट ट्यूबमधून आरपार जाणारा पिव्हट बोल्ट त्याची वाट अडवतो, आणि हे नंतर दुरुस्त होत नाही.

चुकीचा धातू

६०६१ ॲल्युमिनियम वेल्ड केलं की सांध्याजवळची टी६ ताकद (उष्णतेच्या प्रक्रियेने आलेली) जाते. ती परत आणायला पूर्ण फ्रेम सुमारे ५३० अंशांवर तापवून, विझवून, पुन्हा कमी तापमानावर तासन्‌तास एजिंग करावं लागतं. भट्टीची सोय नसेल तर ॲल्युमिनियमचा नाद सोडा. ४१३० क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनम पोलाद) सीमलेस, म्हणजे सांधा नसलेली, नळी घ्या. डाउनट्यूब (खालची तिरपी नळी) ३८.१ मिमी, टॉपट्यूब (वरची) ३१.८, जाडी ०.९ ते १.२. सीट ट्यूब ३४.९ बाहेरून आणि १.६५ जाड घेतली की आतून ३१.६ चा सीटपोस्ट बसतो, फक्त वेल्डिंगनंतर रीमर (आतला व्यास मापात आणणारं हत्यार) मारावा लागतो. फर्निचरची ईआरडब्ल्यू (लांबीला वेल्डचा सांधा असलेली) पाइप जिग, म्हणजे नळ्या धरून ठेवणारा सांगाडा, बनवायला उत्तम. तिच्यावर बसून टेकडी उतरायची नाही. जीआय (जस्त चढवलेली) पाइप तर जिगलाही नको, जस्ताच्या धुराने ताप भरतो.

वेल्डिंग आणि बेअरिंगची घरं

इथे सगळ्यात जास्त काम वाया जातं. पिव्हटसाठी ६९०२ बेअरिंग घेतलं तर आतला व्यास १५, बाहेरचा २८, रुंदी ७. घर आधीच २८ ला बोअर करून वेल्ड केलं की उष्णतेने ते लंबगोल होतं. बेअरिंग एका बाजूने आवळतं, दुसऱ्या बाजूने सैल. लेथवाल्याला सांगून बोअर अर्धा मिमी कमी ठेवा आणि वेल्डिंगनंतर दोन्ही घरं एकाच सेटिंगमध्ये २७.९८ पर्यंत आणा. सैल झालंच तर पंचाने खुणा मारून आवळू नका, चार फेऱ्यांत पुन्हा ढिलं होतं. बेअरिंग रिटेनरचा लॉक्टाइट लावा. खेळ जास्त असेल तर बुश ठोकून नवं बोअर.

दोन बेअरिंगांच्या मधली स्लीव्ह विसरली जाते. ती नसली किंवा आखूड पडली, तर बोल्ट आवळताच आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात आणि नवं बेअरिंग हाताला खरखरीत लागतं. स्लीव्हची लांबी दोन खांद्यांमधल्या (बेअरिंग टेकतात त्या कडांमधल्या) अंतराशी ०.०५ मिमीच्या आत जुळली पाहिजे.

पिव्हटची रेषा फ्रेमला काटकोनात नसेल तर काय होतं, याचा हिशोब करा. ८० मिमी रुंदीत ०.३ मिमीचा फरक ४३५ मिमी लांबच्या ॲक्सलवर १.६ मिमी होतो. चाक एका बाजूला दिसतं आणि लोक रिमचे स्पोक ओढत बसतात. दोन्ही ड्रॉपआउटपासून (मागचा ॲक्सल बसतो ते भाग) हेड ट्यूबला (हँडलचा दांडा फिरतो ती पुढची नळी) वळसा घालून दोरा ताणा, सीट ट्यूबच्या दोन्ही बाजूंचं अंतर व्हर्नियरने मोजा. हीच मोजणी शॉक काढून, स्विंगआर्म वर उचलून पुन्हा करा. दोन्ही स्थितींत फरक तेवढाच असेल तर ड्रॉपआउट सरकला आहे. फरक बदलत असेल तर पिव्हट तिरका आहे.

मागचा त्रिकोण वेल्ड करताना १२×१४८ ची (१२ मिमी जाड, १४८ मिमी रुंदीच्या हबची) भरीव डमी ॲक्सल आत आवळलेली हवी, आणि पूर्ण थंड होईपर्यंत काढायची नाही. टॅक (तात्पुरते छोटे वेल्ड) आलटून-पालटून समोरासमोर. प्रत्येक बंद नळीला तीन मिमीचं वाफेचं भोक द्या, नाहीतर आत कोंडलेली हवा शेवटच्या थेंबातून बाहेर फुटते आणि तिथे टाचणीएवढं छिद्र राहतं. बीबी शेलला (बीबी बसतो त्या नळीला) पाण्याचं भोकही हवंच. बीबीचे आटे उजवीकडे उलटे असतात, हे शेल टॅक करण्यापूर्वी कप फिरवून बघा. शेल उलटा लागला तर कापण्याशिवाय इलाज नाही.

शॉकचे माउंट

मागच्या चाकावर ३०० किलोचा झटका बसला तर २.५ रेशोने माउंटवर ७५० किलो येतात. पातळ डाउनट्यूबच्या मधोमध दोन कान चिकटवले तर नळी तिथेच आत दबते. माउंट सांध्याजवळ घ्या किंवा नळीला कवेत घेणारी पट्टी लावा. पट्टीची टोकं निमुळती, चौकोनी टोकापाशी चिरा सुरू होतात. शॉक हार्डवेअर ३० मिमी असेल तर कानांमधली जागा ३०.१ पर्यंतच. चाचणी सोपी आहे: शॉकमधली हवा सोडा, एका टोकाचा बोल्ट काढा, आणि स्विंगआर्म कोणत्याही उंचीवर धरून बोल्ट हाताने आत सरकतो का बघा. हातोडी लागली तर शॉक वाकडा ओढला जातोय. त्याचे सील आणि बुश लवकर जातील.

पहिल्या फेऱ्या

रंग लावू नका. पावडर कोटिंगखाली चीर दिसत नाही आणि भट्टीत बेअरिंगचं ग्रीसही जातं. नुसता तेलाचा हात फिरवा. आधी पार्किंगमध्ये, मग फुटपाथच्या कडेवरून, मग तळजाईचा सपाट भाग. वेताळ टेकडीचे दगड त्यानंतर. प्रत्येक टप्प्यानंतर हेड ट्यूबमागे डाउनट्यूबची खालची बाजू, शॉकचे कान आणि पिव्हटचे वेल्ड डाय पेनिट्रंटने तपासा: लाल रंग मारा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा.

टकटक आवाज येत असेल तर आधी सीट धरून मागचा भाग हळूच उचला. चाक उचललं जाण्याआधी हाताला खेळ लागला तर शॉकचा बुश किंवा पिव्हट. न लागता पेडल मारतानाच आवाज आला तर बीबी. चीर दिसली तर वरून पुन्हा वेल्ड चढवू नका. तो तुकडा कापून काढा, माउंट किंवा पट्टीचा आकार बदला आणि मगच नवा जोडा.