सूक्ष्मशैवालाचा अर्क काढून यीस्टच्या वाढीसाठी कसा वापरावा

यीस्टच्या वाढीला ज्यांची मदत होते ते घटक, म्हणजे अमिनो आम्ले, लहान पेप्टाइड, न्यूक्लिओटाइड, ब गटातील जीवनसत्त्वे आणि खनिजे, बहुतांशी पाण्यात विरघळतात. म्हणून अर्कासाठी पाणी किंवा सौम्य बफर, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे द्रावण, घ्यावे. इथेनॉलमध्ये मुख्यतः हरितद्रव्य, कॅरोटिनॉइड आणि मेद उतरतात, शिवाय मागे राहिलेले इथेनॉल यीस्टला मारकही ठरू शकते.

पेशी कशी फोडायची हे शैवालाच्या जातीवर ठरते. स्पिरुलिना हा खरे तर सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषण करणारा जिवाणू) असून त्याला सेल्युलोजची पेशीभित्तिका नसते, त्यामुळे 1 ग्रॅम कोरडी भुकटी 25 मिलिलिटर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच 7) कालवून ती उणे 20 अंश सेल्सिअसला गोठवणे आणि 4 अंशांवर वितळू देणे, असे दोन-तीन वेळा केले तरी पुरते. क्लोरेलाची भित्तिका मात्र चिवट असते. तिच्यासाठी भुकटी पाण्यात कालवून 80 ते 100 अंशांवर अर्धा ते एक तास तापवावी, किंवा उष्णतेने बिघडणारे घटक हवे असतील तर बर्फात ठेवलेल्या नळीत काचेच्या बारीक मण्यांसह थांबत थांबत घुसळावे.

यानंतर मिश्रण सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून जड कण तळाशी बसवणाऱ्या यंत्रात) फिरवून वरचा स्वच्छ द्रव काढून घ्यावा. इथे घाई करू नये. स्पिरुलिनाच्या अर्काला निळा रंग देणारे फायकोसायनिन हे प्रथिन आम्लधर्मी द्रवात साका धरते आणि यीस्टचे माध्यम साधारण पीएच 5 चे असते. तेव्हा अर्काचा पीएच आधीच 5 वर आणून, खाली बसलेला साका पुन्हा फिरवून वेगळा करावा. उरलेला द्रव 0.22 मायक्रोमीटरच्या गाळणीतून निर्जंतुक करावा, कारण ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राच्या) 121 अंशांत थायमिनसारखे जीवनसत्त्व काही अंशी नष्ट होऊ शकते. अर्काचे लहान भाग करून ते अंधारात, उणे 20 अंशांवर ठेवावेत.

चाचणीसाठी यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि पेप्टोन (अंशतः पचवलेली प्रथिने) असलेले समृद्ध माध्यम निवडणे मला चुकीचे वाटते, कारण आधीच भरपूर पोषण असताना अर्काचा परिणाम दिसणार कसा? ग्लुकोज आणि अमोनियम क्षार असलेले साधे माध्यम घेऊन त्यात 0.5, 1, 2 आणि 5 टक्के अर्क घालावा, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या नेहमीच्या यीस्टचे सारखेच बीज (सुरुवातीच्या पेशी) प्रत्येक फ्लास्कमध्ये टाकावे आणि 30 अंशांवर हलवत वाढवावे.

वाढ 600 नॅनोमीटर तरंगलांबीवरील ऑप्टिकल डेन्सिटीने, म्हणजे द्रव प्रकाश किती अडवतो त्यावरून, मोजतात. पण फायकोसायनिनचे शोषण 620 नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक असते, त्यामुळे थोडा जरी निळा रंग उरला असेल तरी आकडा फुगतो. म्हणून प्रत्येक प्रमाणासाठी यीस्ट न घातलेला, फक्त अर्क आणि माध्यम असलेला फ्लास्क ठेवून त्याचे वाचन वजा करावे, आणि पेशींचे कोरडे वजन किंवा सूक्ष्मदर्शकाखालील मोजणी यांपैकी एकाने पडताळा घ्यावा. फॉस्फेट हेही यीस्टचे अन्न असल्याने, बफरमध्ये अर्क काढला असल्यास केवळ बफर घातलेला फ्लास्कही हवाच.

सर्वांत कसोटीचा फ्लास्क मात्र वेगळाच: त्यात अर्कातल्या नायट्रोजनइतकाच नायट्रोजन अमोनियम सल्फेटच्या रूपाने घालावा. तिथेही वाढ तितकीच दिसली, तर अर्काने पुरवला तो निव्वळ नायट्रोजन, आणि जीवनसत्त्वांना किंवा पेप्टाइडना त्याचे श्रेय देता येणार नाही.