कुंडीला आपोआप पाणी देणारा पहिला प्रकल्प

आपण लिहिलेल्या प्रोग्रामच्या चार ओळींमुळे टेबलावरची मोटर फिरू लागते, तेव्हाचा आनंद केवळ पडद्यावरच्या कामातून मिळत नाही. तो अनुभवायचा असेल तर माती सुकल्यावर कुंडीत पाणी सोडणारी यंत्रणा मी आवर्जून सुचवेन, कारण मोजणे, निर्णय घेणे आणि कृती करणे या तिन्ही गोष्टी तीत येतात.

आर्डुइनो उनो बोर्ड (आपला प्रोग्राम चालवणारा छोटा संगणक), ब्रेडबोर्ड (तारा न डागता खोचून जोडण्याची पाटी), 5 व्होल्टवर चालणारा पाण्यात बुडणारा छोटा पंप, लॉजिक-लेव्हल मॉस्फेट (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा इलेक्ट्रॉनिक स्विच), डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आणि कपॅसिटिव्ह मॉइश्चर सेन्सर (उघड्या धातूशिवाय मातीतला ओलावा मोजणारी पट्टी) एवढे साहित्य पुरते. दोन उघड्या दांड्यांचा सेन्सर स्वस्त असला तरी टाळावा; ओल्या मातीतून सतत वीज वाहिल्याने विद्युतविघटन होऊन त्याच्या दांड्या झिजत जातात.

सुरुवातीला फक्त सेन्सर जोडावा आणि त्याची मोजणी सिरियल मॉनिटरवर, म्हणजे बोर्डाने पाठवलेले आकडे संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीत, पाहावी. बोर्ड ती 0 ते 1023 या अंकांत दाखवतो. ओलावा वाढला की अंक कमी होतो. सेन्सर मातीतून काढून ओल्या फडक्यात धरावा आणि अंक झरझर उतरताना पाहावा, म्हणजे हे आकडे आपल्या ओळखीचे होतात. मग कोरड्या आणि नुकत्याच भिजवलेल्या मातीतले अंक लिहून ठेवावेत.

उनोच्या एका पिनमधून (तार जोडण्याच्या टोकातून) साधारण 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये आणि पंपाला त्याहून कितीतरी जास्त लागतो, म्हणून पंपाला स्वतंत्र वीजपुरवठा देऊन तो मॉस्फेटमार्फत चालवावा. मोटर बंद होताना उसळणाऱ्या व्होल्टेजपासून मॉस्फेट वाचवण्यासाठी पंपाच्या दोन टोकांवर डायोड उलट्या दिशेने लावावा. बोर्ड आणि पंप या दोन्हींच्या पुरवठ्यांचे ग्राउंड (ऋण टोक) एकत्र जोडणे अत्यावश्यक आहे. पंप हलत नसेल तर आधी हेच तपासावे.

प्रोग्राममध्ये पंप सुरू करण्याची आणि थांबवण्याची मर्यादा वेगवेगळी ठेवावी, नाहीतर अंक सीमेवर असताना पंप सारखा चालू-बंद होत राहतो. पाणी मुरायला वेळ लागतो, त्यामुळे पंप दोन-तीन सेकंद चालवून, काही मिनिटे थांबून मगच पुन्हा मोजावे. दिवसभरात पंप एकूण किती वेळ चालेल यालाही मर्यादा हवी, कारण सेन्सर मातीतून निसटला तर हवेलाच कोरडी माती समजून प्रोग्राम पाणी सोडत राहील.

काही बिघडले तर दोष तारेत आहे की प्रोग्राममध्ये, हे शोधण्यातच या छंदाची खरी गोडी आहे. बोर्डापासून मॉस्फेटची तार सोडवून त्या पिनला 220 ओहमच्या रेझिस्टरसह (प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या भागासह) एलईडी लावावा. तो वेळेवर पेटत असेल तर प्रोग्राम आपले काम करतो आहे आणि शोध मॉस्फेट, पंप व तारा यांच्याकडे वळवावा.

पंपाचे भांडे मात्र अशा जागी ठेवावे की त्यातील पाण्याची पातळी नळीच्या कुंडीतल्या तोंडापेक्षा खालीच राहील. ती वर असेल, तर पंप थांबल्यावरही सायफनमुळे, म्हणजे भरलेल्या नळीतून खालच्या पातळीकडे आपोआप ओढले जाऊन, पाणी वाहतच राहते आणि त्याचे कारण प्रोग्राममध्ये कितीही शोधले तरी सापडत नाही.