टाच आणि कंबर दुखतेय? ‘हाड वाढलंय’, ‘गॅप आलाय’ ऐकून या चुका करू नका

टाचदुखीवाल्याला ‘हाड वाढलंय’ आणि कंबरदुखीवाल्याला ‘मणक्यात गॅप आलाय’ असं सांगितलं की निम्मं दुखणं तिथल्या तिथे वाढतं. मी ही दोन्ही वाक्यं एकाच वर्षात ऐकली. पेशा शिक्षकाचा, दिवसातले पाच तास फळ्यासमोर उभं राहायचं आणि घरी आल्यावर ओट्यासमोर. एक्स-रे पाहिला आणि पुढचे दोन महिने मी काचेच्या भांड्यासारखी वावरले. ती माझी पहिली चूक.

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायात एक जाड, चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅसिआ म्हणतात. टाचदुखीत बहुतेक वेळा तोच टाचेकडच्या टोकाला दुखावलेला असतो. एक्स-रेत दिसणारं अणकुचीदार हाड काट्यासारखं आतून टोचतं ही आपली कल्पना. तसं हाड टाच कधीच न दुखलेल्या कितीतरी लोकांतही सापडतं. गॅपची गोष्ट तर आणखी मजेशीर. फोटोत बहुधा दोन मणक्यांमधली जागा कमी झालेली असते, आणि आपण म्हणतो गॅप ‘आला’! कंबर मुळीच न दुखणाऱ्यांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या दोन मणक्यांमधल्या गादीसारख्या चकत्या (डिस्क) झिजलेल्या दिसल्या. म्हणजे केस पिकावेत तसंच हे बरंचसं. फोटो बघून हालचाल बंद करू नका.

उठल्या उठल्या चालू पडणं

रात्रभर पाऊल सैल पडलेलं असतं आणि पट्टा आखडतो. सकाळी पहिल्याच पावलाला तो एकदम ताणला जातो, म्हणून ती जीवघेणी कळ. चार पावलं चाललं की कमी होते, म्हणून आपण दुर्लक्ष करतो. त्याऐवजी पलंगावरून उतरायच्या आधी दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा, तळव्यात पट्टा तारेसारखा ताठ लागला पाहिजे. १० आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. बराच वेळ बसून उठतानाही हेच. जोडीला भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, कारण पोटरी आखडलेली असली की टाचेवरचा ताण सुटत नाही.

ताण देऊनही भागत नसेल तर पायरीच्या कडेवर उभं राहून, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाचा उचलायच्या: तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. हे दिवसाआड. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात तीन महिन्यांनंतर नुसत्या ताणापेक्षा याचा फायदा जास्त दिसला.

घरात अनवाणी

‘घरात कसली चप्पल?’ हे वाक्य आमच्याकडेही होतं. पण पूर्वी पायाखाली शेणाने सारवलेली जमीन होती, आता टणक टाइल्स आहेत. घरातली वेगळी, धुतलेली जोडी ठेवा आणि देवघरापुरती काढा. टाचेखाली गादी असलेली, बोटांपाशीच वाकणारी चप्पल बघून घ्या. बाहेर वापरून टाच झिजलेली रबरी चप्पल ‘आता घरात वापरू’ म्हणून आत आणणं हे काटकसरीत मोडत नाही, पायाला शिक्षा देण्यात मोडतं. ओट्यापाशी पाट आडवा ठेवून आलटून पालटून एकेक पाय त्यावर टेकला की कंबरेलाही उसंत मिळते.

आडवं पडून राहणं, पट्टा बांधून फिरणं

कंबर धरली की घरातला प्रत्येक जण ‘पडून राहा’ म्हणतो. फार दुखत असेल तर एखादा दिवस ठीक. त्याहून जास्त पडलात तर स्नायू ढिले पडतात आणि भीती घट्ट होते. कंबरेचा पट्टा प्रवासापुरता बांधला तर हरकत नाही, पण महिनोन्‌महिने तोच आधार झाला तर काढायची धास्ती बसते. अर्धा-पाऊण तास बसलात की उठा, पाणी प्या, दोन फेऱ्या मारा. चालण्यासारखं स्वस्त औषध नाही. २०२४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातला ७०१ जणांचा अभ्यास आला. कंबरदुखीतून बरं होऊन टप्प्याटप्प्याने चालणं वाढवलेल्यांपैकी निम्म्यांचं दुखणं उलटायला २०८ दिवस लागले, इतरांपैकी निम्म्यांचं ११२ दिवसांतच उलटलं.

टाच दुखत असताना चालायचं कसं? थोडं थोडं. दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या घ्या. व्यायामात हलकं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीपेक्षा जास्त दुखलं तर आदल्या दिवशीचं माप जास्त झालं असं समजा. रविवारी व्हिडिओ बघून चाळीस मिनिटं घाम गाळायचा आणि बुधवारी सोडून द्यायचं, हे आपलं नेहमीचंच. टाचेला वेळ लागतो. बहुतेकांची टाच शस्त्रक्रियेविना बरी होते, पण महिने जातात, कधी वर्षही.

शेक, गोळ्या, इंजेक्शन

शेकाने कंबर सैल होते. टाचेला गोठवलेल्या पाण्याच्या बाटलीवर तळवा फिरवणं अनेकांना बरं वाटतं, दहा-पंधरा मिनिटं पुरे. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर गरम पिशवीही नको आणि बर्फही नको, भाजलेलं कळतच नाही. मेडिकलमधून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या तर पोट आणि मूत्रपिंडं किंमत मोजतात. टाचेत स्टिरॉइडचं इंजेक्शन पुन्हा पुन्हा घेतलं तर टाचेखालची नैसर्गिक गादी पातळ होऊ शकते. आणि ‘मणका बसवून देतो’ म्हणणाऱ्याकडे, पायात बधिरपणा असताना, चुकूनही जाऊ नका.

घरगुती उपाय हीच चूक ठरते तेव्हा

लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसण्याच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद गेली तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. ताप, कारण नसताना घटणारं वजन, पूर्वी झालेला कर्करोग, उतारवयात पडल्यानंतरची कंबरदुखी यांतही वाट बघू नका. टाचेत रात्री ठणका लागत असेल किंवा सूज असेल तरी दाखवा.

एक जोडगोळी मात्र लक्षात ठेवा. वय चाळिशीच्या आत, कंबर तीन महिन्यांहून जास्त दुखतेय, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडते, पहाटे दुखण्याने जाग येते, आराम केल्याने वाढतं नि हालचालीने कमी होतं, आणि सोबत टाचाही दुखतात. यामागे अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिससारखा संधिवात असू शकतो. त्यावर चप्पल बदलून भागत नाही, संधिवाततज्ज्ञाकडेच जावं लागतं.