क्रेन बोलावण्याआधी जॅकखालची जमीन बघा

हेल्मेट, बूट, ऑपरेटरचं लायसन्स, क्रेनचं तपासणी प्रमाणपत्र हे सगळं हवंच, त्यावर जास्त बोलत नाही.

आधी कोणती क्रेन हवी ते ठरवा. ‘५० टनी पाठवा’ एवढं फोनवर सांगून भागत नाही. तो आकडा बूम (क्रेनचा लांब होणारा हात) आखडलेली आणि लोड अगदी जवळ, साधारण ३ मीटर रेडियसवर असतानाचा असतो. २० मीटरवर तीच क्रेन जेमतेम काही टन उचलते. रेडियस क्रेनच्या फिरण्याच्या मध्यापासून हुकापर्यंत मोजायचा, टायरपासून नाही. टेप लावूनच मोजा. लोडच्या वजनात हुक ब्लॉक (हुक आणि त्याच्या पुल्या), स्लिंग (लोड बांधायचे पट्टे किंवा दोर), शॅकल (जोडायची कडी) सगळं धरा आणि मगच लोड चार्ट, म्हणजे किती रेडियसवर किती वजन चालेल याचा तक्ता, उघडा.

एक-दोन लिफ्ट असतील आणि रस्ता चांगला असेल तर ट्रकवरची टेलिस्कोपिक पुरते, खडबडीत साइटवर रफ टेरेन (मोठ्या टायरांची). जड काम बरेच दिवस चालणार असेल तर क्रॉलर (साखळीपट्ट्यांवर चालणारी), पण मोठी क्रॉलर ट्रेलरवर सुटी येते. ती जोडायला मोकळी जागा लागते आणि बहुतेकदा मदतीला दुसरी क्रेनही, तेव्हा ते आधीच ठरवून ठेवा. हायड्रा (लोड घेऊन चालणारी छोटी क्रेन) सामान इकडून तिकडे न्यायला ठीक, पण लोड घेऊन वळताना ती कलंडू शकते. लोड हाताने धरून पुढे चालणारा माणूस ऑपरेटरला दिसत नाही, त्याला तिथे उभंच राहू देऊ नका. लोड आवरायला लांब दोरी द्या.

आता जमीन, म्हणजे जॅकखालची. जॅक म्हणजे क्रेन स्थिर राहावी म्हणून बाजूला काढून टेकवतात ते पाय. गेल्या वेळी मी बाकी सगळं पाहिलं आणि हेच राहिलं. वरून मुरूम दाबलेला, चांगला टणक दिसत होता. खाली पाइपलाइनचा बुजवलेला चर होता. बूम फिरली तसा एक जॅक हळूहळू उतरत गेला. लोड लगेच टेकवता आला म्हणून निभावलं. जुने नकाशे काढा. ड्रेनेजची चेंबरं, टाक्या, केबलचे चर, नुकताच केलेला भराव शोधा आणि प्रत्येक जॅकची जागा चुन्याने आखा. खाली तळघर असेल तर स्लॅब किती भार घेईल हे स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून लेखी घ्या. खोदाईच्या कडेपासून निदान खोलीइतकं अंतर सोडा, माती मोकळी असेल तर दुप्पट.

‘चार जॅक आहेत, भार चौघांत वाटला जाईल’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. बूम एका जॅकवर आली की क्रेन आणि लोड मिळून असलेल्या वजनाचा बहुतांश भाग त्या एकावरच येतो. तिथे ४० टन आले आणि जॅकचं ताट (खालची प्लेट) ५० सेंटीमीटर चौरस असेल तर जमिनीवर चौरस मीटरला १६० टन दाब पडतो. खाली दीड मीटर चौरस भक्कम मॅट टाकली की तोच १८ टनांच्या आसपास येतो. मॅट वाकणारी नको. फळ्यांचे तुकडे आणि विटा तर अजिबात नकोत. रात्री पाऊस झाला तर सकाळी जमीन पुन्हा बघा, कालची पाहणी धरू नका. पहिला लोड जमिनीपासून जरासा उचलून थांबा आणि चारही जॅककडे बघून या.

स्लिंगचा कोन बघा. दोन पायांच्या स्लिंगने १० टन उचलताना आडव्याशी ६० अंशाचा कोन असेल तर प्रत्येक पायावर ५.८ टन येतात, ३० अंशाला पूर्ण १० टन. विजेच्या तारा जवळ असतील तर लाइन बंद करून घ्या. सिग्नल एकानेच द्यायचा. ‘थांबा’ मात्र कुणीही म्हणू शकतो. वाऱ्याची मर्यादा चार्टवर असते, पत्रे आणि शटरिंगचे पॅनेल असतील तर त्याच्या बरंच आधी थांबा.

टॉवर क्रेन असेल तर पाया, अँकर, इमारतीला बांधायचे टाय आणि उंची वाढवायचे टप्पे हे डिझाइनमध्येच हवं, उभारणी उत्पादकाच्या माणसांकडून. दोन असतील तर जिब (टॉवर क्रेनचा हात) एकमेकींत अडकू नयेत म्हणून उंची वेगळी. काम संपलं की हुक वर, आणि सपाट जिबची असेल तर स्लू ब्रेक (फिरणं रोखणारा) मोकळा, म्हणजे जिब वाऱ्याबरोबर फिरेल.