सांता क्लारा काउंटीच्या ट्रेलवर पळायला निघण्याआधी

सगळ्यात आधी ट्रेल, म्हणजे पार्कातली पळायची-चालायची वाट, ठरवा. बूट, पाणी, टोपी, निघायची वेळ हे सगळं त्यावरून ठरतं, आणि कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) एका ट्रेलचा दुसऱ्याशी मेळ नाही. लॉस गॅटोस क्रीकच्या काठाने पळायची तयारी करून अल्माडेन क्विकसिल्व्हरच्या डोंगरावर गेलात, तर उन्हाळ्यात फार हाल होतात. काउंटीने १९२४ मध्ये कुपर्टिनोजवळ ४०० एकर जमीन घेतली आणि तिथून या पार्कांची सुरुवात झाली. ती जमीन म्हणजे आजचं स्टीव्हन्स क्रीक पार्क. आता अशी २८ पार्क आहेत. नोकरीसाठी सॅन होजे, सनीव्हेल, कुपर्टिनोला आलेल्या आपल्या लोकांच्या घराजवळ यातलं एखादं तरी असतंच. तरीही बहुतेकांना ते फक्त वाढदिवस आणि बार्बेक्यूपुरतं माहीत असतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नुकतंच पळायला लागला असाल, तर सपाट ट्रेल घ्या. लॉस गॅटोस क्रीक ट्रेल सॅन होजेहून कॅम्पबेलमार्गे वासोना तलावाच्या कडेने लॉस गॅटोसपर्यंत जातो. तो बहुतेक पक्का आहे आणि वाटेत नळ, स्वच्छतागृहं, बाक आहेत. गावाच्या पुढे लेक्सिंग्टन धरणाकडे मात्र तो कच्चा होतो आणि शेवटचा चढ छातीवर येतो, म्हणून पहिल्या महिन्यात गावातूनच मागे फिरा. मॅरेथॉनच्या लांब पल्ल्याच्या सरावाला कोयोटी क्रीक ट्रेल चांगला. हेलियर पार्कपासून अँडरसन तलावापर्यंत तो एका बाजूने सुमारे १५ मैल आहे, त्यामुळे हवं तिथून वळता येतं. जायच्या मैलांइतकेच यायचेही असतात, हे उत्साहाच्या भरात विसरायला होतं. अर्धा दम शिल्लक असतानाच वळा.

रांचो सान अँटोनियो हा इथल्या पळणाऱ्यांचा लाडका पार्क, आणि तसा तो का आहे हे एका सकाळीच कळतं. पार्किंगपासून मैलभरावर डिअर हॉलो फार्म आहे, तिथे शेळ्या, कोंबड्या, डुकरं आहेत. मुलांना घेऊन एवढंच अंतर करणारेही कितीतरी. पुढे वाइल्डकॅट नावाच्या घळीत गर्द सावली आहे, आणि विजेच्या मनोऱ्यांखालून जाणारा पीजी अँड ई (इथली वीज कंपनी) ट्रेल पोटऱ्यांची परीक्षा घेतो. थेट ब्लॅक माउंटनचा २,८०० फुटांचा माथा गाठायचा, तर जाऊन-येऊन दहा मैलांच्या वर होतं आणि निम्मा दिवस हाताशी ठेवावा लागतो. इथे कुत्रा नेता येत नाही. शनिवार-रविवारी उजाडल्यावर रमतगमत निघालात, तर गाडी लावायला जागा मिळणार नाही. दोन-तीन कुटुंबांनी मिळून एकाच गाडीने जावं.

अल्माडेन क्विकसिल्व्हर वेगळंच प्रकरण आहे. चार हजार एकरांवरचा हा डोंगर म्हणजे पाऱ्याची जुनी खाण. इथले मूळ रहिवासी ओलोनी लोक इथला लाल हिंगूळ रंगासाठी वापरत. १८४५ मध्ये त्यात पारा असल्याचं ओळखलं गेलं, आणि थोड्याच वर्षांत कॅलिफोर्नियात सोनं सापडल्यावर ते वेगळं काढायला हाच पारा लागू लागला. खाणकाम संपून पार्क झाला तो १९७० च्या दशकात. आत तीस मैलांहून जास्त ट्रेल आहेत, जुन्या वस्तीचे अवशेष आहेत, आणि वसंतात उतारभर रानफुलं असतात. सावली मात्र तुटक आहे. जून ते सप्टेंबर इथे सकाळी दहानंतर पळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. वाट सोडून खाणीच्या जुन्या बांधकामात शिरू नका, आणि परिसरातल्या जलाशयांतले मासे पाऱ्यामुळे खाण्याजोगे नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

आदल्या रात्रीची कामं पाच मिनिटांची आहेत, पण ती रात्रीच करावीत. हवामान बघताना आपल्या घराचं न बघता त्या डोंगराचं बघा. खाडीजवळ धुकं आणि गारवा असताना दक्षिणेला अल्माडेनकडे ऊन तापलेलं असतं. पावसाळा इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च. मोठ्या पावसानंतर माती बुटांना गोळ्यांनी चिकटते आणि काही ट्रेल बंदही ठेवतात, म्हणून काउंटीच्या संकेतस्थळावर बंद ट्रेलची सूचना पाहून घ्या. उन्हाळ्याच्या शेवटी वणव्यांचे दिवस येतात. ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या आगींनी या भागातले डोंगर कित्येक दिवस जळत होते आणि खोऱ्यात धूर कोंडला होता. तेव्हापासून एअरनाऊ या संकेतस्थळावर हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक बघणं अनेकांच्या अंगवळणी पडलं आहे. तो १०० च्या वर असेल तर दमेकऱ्यांनी, हृदयविकार असलेल्यांनी, लहान मुलांनी आणि वयस्करांनी घरीच थांबावं. १५० च्या वर असेल तर कुणीच बाहेर पळू नये.

घरातल्या कुणाला तरी तीन गोष्टी सांगून ठेवा: पार्कचं नाव, कुठल्या प्रवेशद्वारातून शिरणार ते, आणि परत यायची वेळ. क्विकसिल्व्हरला हॅसिएंडा, मॉकिंगबर्ड, मॅकॅबी अशी निरनिराळी दारं आहेत. नुसतं पार्कचं नाव सांगून शोधणाऱ्याला काही उमगत नाही. घळीत फोनला रेंज नसते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून घ्या आणि दारावरच्या फलकाचाही फोटो काढा. काउंटीची पार्क सहसा सकाळी आठ ते सूर्यास्त उघडी असतात. हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, म्हणून ऑफिसनंतरचा बेत तेव्हा डोंगरावर नको. वासोना, हेलियर, ग्रँट अशा ठिकाणी गाडीमागे साधारण सहा डॉलर पडतात. वरचेवर जाणार असाल तर वार्षिक पास परवडतो.

आता कमरेची पिशवी. पाणी तासाला किमान अर्धा लिटर, उन्हाळ्यात चढावर त्याहून बरंच जास्त. वरती नळ असेल असं धरून चालू नका. नुसतं पाणी दीड तासापुढे पुरत नाही. मीठ-साखर-लिंबाचं पाणी किंवा कोकम सरबत एका बाटलीत घ्या, दुकानातल्या महाग पुड्यांइतकंच ते कामाला येतं. खायला शेंगदाण्याची चिक्की किंवा दोन खजूर. टोपी, सनस्क्रीन, ओळखपत्र, विम्याचं कार्ड, दम्याचा पंप असेल तर तो, आणि एक पातळ विंडचीटर, कारण सकाळी सावलीतली थंडी चांगलीच बोचते. गाडीत लॅपटॉप, पर्स ठेवून जाऊ नका. पार्किंगमध्ये काचा फुटतात. बुटांबद्दल एवढंच, की पक्क्या वाटेला रोजचे चालतात, पण सुक्या कॅलिफोर्नियन उतारावर बारीक खडीवरून पाय सटकतो, तिथे खाचांचा तळवा हवा.

पॉइझन ओकबद्दल मात्र मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण इथे नवीन आलेल्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देतं ते हेच झुडूप. पळसाला पानं तीनच, तशी याच्याही प्रत्येक देठाला तीनच पानं, त्यातलं मधलं जरा लांब देठावर. वसंतात ती तुकतुकीत आणि तांबूस हिरवी असतात, उन्हाळ्यात हिरवी, पुढे लालभडक. कुणी हौसेने ती लाल पानं हातात घेऊन फोटोही काढतं. हिवाळ्यात पानं झडतात आणि उरतात नुसत्या करड्या काड्या, त्याही तितक्याच बाधतात. कधी ते गुडघ्याएवढं झुडूप असतं, तर कधी वेल होऊन ओकच्या खोडावर चढलेलं असतं. हे आंबा, काजू आणि बिब्ब्याच्याच कुळातलं. गावाकडे बिबा उतलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्या खाजेची आणि फोडांची कल्पना आहे. आंब्याच्या चिकाने ज्यांचे ओठ सुजतात, त्यांनी तर जास्तच जपावं.

त्रास होतो तो उरुशिऑल नावाच्या तेलाने. ते डोळ्यांना दिसत नाही, पण मोज्यांवर, बुटांच्या लेसवर, कुत्र्याच्या केसांवर चिकटून घरापर्यंत येतं. पुरळ लगेच उठत नाही. एक-दोन दिवसांनी उठतं, तोवर आपण ते झुडूप विसरलेलोही असतो. म्हणून अरुंद ट्रेलवर पायांना लांब मोजे किंवा पूर्ण पँट घाला. गाडीत एक बाटली पाणी, थोडा भांड्यांचा साबण आणि जुना टॉवेल ठेवा. शंका आली की तिथेच पोटऱ्या आणि हात गार पाण्याने, साबण लावून, खसखसून धुवा. जितक्या लवकर धुवाल तितकं तेल कमी मुरतं.

गवताच्या टोकांवर आणि ओंडक्यांवर गोचीड असते. इथली काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवू शकते आणि तिची पिल्लं जेमतेम मिलिमीटरभर असतात, म्हणून फिकट रंगाचे मोजे बरे, त्यांवर ती दिसते. ट्रेलच्या मधोमध पळा आणि ओंडक्यावर बसू नका. रॅटलस्नेक आपल्या घोणस-फुरशांच्याच कुळातला विषारी साप. वसंतापासून शरदापर्यंत तो ऊन खात वाटेवर पडलेला असतो. दिसला किंवा त्याच्या शेपटीची खुळखुळ ऐकू आली, तर जागीच थांबा, अंदाज घ्या आणि हळूहळू मागे सरका. चावलाच, तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही न करता ९११ या आपत्कालीन नंबरला फोन लावा आणि शांत बसून राहा. माउंटन लायन (प्यूमा, मार्जार कुळातला मोठा रानटी प्राणी) क्वचितच दिसतो, पण दिसला तर पाठ फिरवून पळायचं नाही. समोर तोंड करून उभं राहा, हात वर करून मोठे दिसा, मोठ्याने ओरडा, आणि लहान मूल बरोबर असेल तर नजर न हटवता त्याला उचलून घ्या.

माणसांचे नियम सोपे आहेत. सायकलवाल्याने सगळ्यांना वाट द्यायची आणि सगळ्यांनी घोड्याला. घोडा दिसला की पळणं थांबवा, उताराच्या बाजूला उभे राहा, पण तिथे पॉइझन ओक नाही ना, हे बघून. स्वाराशी दोन शब्द बोला, म्हणजे आपण माणूस आहोत हे घोड्याला कळतं. इअरफोन लावायचेच तर एका कानात. कोयोटी क्रीकवर सायकली जोरात येतात, तिथे उजवी कड सोडू नका आणि वळण्याआधी मागे पाहा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले असतील, तर त्यांना पार्कात न्यायलाच हवं. दिवसभर घरात बसून त्यांचा जीव उबतो. त्यांच्यासाठी वासोना उत्तम: पक्की वाट, तलाव, बाक, आणि नातवंडांसाठी शेजारच्या ओक मेडोमध्ये छोटी आगगाडी. तुम्ही लांब पळून येईपर्यंत ते आपल्या गतीने फिरतात. त्यांच्या खिशात तुमचा नंबर, घरचा पत्ता, औषधांची नावं आणि प्रवासी विम्याची प्रत द्या, त्यांचा फोन इथल्या सिमवर चालतो ना ते तपासा, आणि भेटायची जागा एखाद्या पुलाजवळ किंवा फलकाजवळ ठरवून घ्या.

घरी आल्यावर सोफ्यावर बसण्याआधी कपडे थेट वॉशिंग मशीनमध्ये टाका, बूट बाहेर ठेवा आणि लेस धुवा. अंघोळ करताना गुडघ्यामागे, काखेत, कमरेच्या पट्ट्याशी, कानामागे आणि केसांत गोचीड शोधा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. तेल, काडेपेटी असले उपाय नकोत. तारीख लिहून ठेवा, पुढच्या महिन्याभरात ताप आला किंवा चट्टा पसरला तर डॉक्टर तीच विचारतील. पॉइझन ओकचं पुरळ चेहऱ्यावर, डोळ्यांभोवती आलं किंवा अंगभर पसरलं, तर घरगुती लेपांत दिवस न घालवता डॉक्टरकडे जा.