आईला घेऊन भुयारी मेट्रोत उतरताना

माझी आई ७४ वर्षांची, गुडघे कुरकुरणारे. आम्ही दर महिन्याला स्वारगेटहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला येतो. पुण्यातलं हे स्टेशन जमिनीखाली जवळपास ३३ मीटर, म्हणजे दहा मजली इमारतीएवढं खोल. पहिल्यांदा ती म्हणाली, "अगं, इथे जीव गुदमरेल." पण तिथे छतातून उजेड खाली उतरतो. तिला त्या उजेडात दोन मिनिटं उभं केलं, हाताची पकड आपोआप सैल झाली.

निघण्याआधी लिफ्ट कुठल्या दाराशी आहे ते विचारून घ्या, प्रत्येक दाराला असेलच असं नाही. सरकत्या जिन्याने जायचंच तर पदर खोचायला लावा. चढताना तुम्ही एक पायरी मागे, उतरताना एक पायरी पुढे.

फरशीवरच्या पिवळ्या पट्ट्या अंधांसाठी असतात. लांब उंचवटे म्हणजे सरळ चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. त्यावर पिशव्या ठेवू नका, कळकळीने सांगते.

धूर दिसला तर लिफ्ट अजिबात नको. बाहेर पडण्याच्या हिरव्या पाट्या कुठे आहेत, ते उतरल्या उतरल्या आईला बोटाने दाखवून ठेवा.